दुसरा प्रश्न

(डॉक्टर आणि वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते यांच्या एकत्र बैठकीत एका निवृत्त महिला फिजिशियनने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



विषय मला लेखी कळवला होता : 'विषाणूच्या महासाथीत रुग्णालयातल्या डॉक्टरांची जागरूकता आणि सज्जता'. अशा विषयावर बोलताना खाटा किती, व्हेंटिलेटर किती, किट किती याचे आकडे सांगायचा प्रघात आहे. तेही लागतात, त्याबद्दल शेवटी बोलेन. पण मी तीस वर्षं मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात काम केलं आणि त्यातली शेवटची दोन वर्षं कोविडची होती. त्या दोन वर्षांनी मला जे शिकवलं, ते एका साध्या गोष्टीबद्दल आहे. केसपेपरवर औषधांच्या आधी एक रकाना असतो, 'हिस्ट्री'चा. डॉक्टर विचारतो, पेशंट सांगतो. महासाथ पहिल्यांदा सापडते ती याच रकान्यात आणि निसटते तीही इथूनच.

हिस्ट्रीला दोन बाजू असतात. विचारणाऱ्याने नीट विचारलं नाही तर आजार निसटतो. सांगणाऱ्याने भीतीपोटी खरं सांगितलं नाही तरी निसटतो. म्हणून आज समोर डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र बसलेत, याचा मला आनंद आहे. दोघांनाही थोडं कडू बोलणार आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

मार्च २०२० चा मध्य. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्चला सापडले होते, ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली होती. आमच्या वॉर्डात पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ दाखल झाले. चार दिवस ताप, कोरडा खोकला, धाप. रेसिडेंटने नियमाप्रमाणे विचारलं, "परदेशातून आलात का?" ते म्हणाले, "नाही." "परदेशातून आलेल्या कुणाला भेटलात?" "नाही." तेव्हाच्या निकषांप्रमाणे प्रवास किंवा संपर्क नसेल तर चाचणी होत नव्हती. केसपेपरवर 'न्यूमोनिया' लिहिलं गेलं. मी त्यावर सही केली. ते जनरल वॉर्डात, दोन पेशंटच्या मधल्या खाटेवर राहिले. दोन रात्री त्यांना नेब्युलायझर दिला. म्हणजे त्यांच्या श्वासातले कण आम्हीच यंत्र लावून वॉर्डभर पसरवले.

तिसऱ्या दिवशी राऊंडला मी सहज विचारलं, "चाचा, काम काय करता?"

"टॅक्सी चलाता हूँ, मॅडम."

"कुठल्या स्टँडला?"

"एअरपोर्ट."

वॉर्डात क्षणभर कुणीच काही बोललं नाही. त्या माणसाने खोटं सांगितलं नव्हतं. मागच्या सीटवर बसलेला पॅसेंजर म्हणजे 'भेटलेला माणूस' असं त्याला वाटलं नाही, आणि का वाटावं? प्रश्न आमचा अपुरा होता. चाचणी झाली, पॉझिटिव्ह आली. तोवर त्यांचं भांडं उचलणाऱ्या, चादर बदलणाऱ्या आमच्या वॉर्डातल्या मावशी आजारी पडल्या होत्या. मावशी वाचल्या. त्यांच्या घरात ताप गेला, त्यात त्यांचे यजमान वाचले नाहीत.

'तुम्ही काय काम करता?' हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतो. मी स्वतः शिकवला आहे. पण त्या दिवसांत हातात छापील फॉर्म होता, आणि फॉर्म आला की डॉक्टरचं डोकं फॉर्मएवढंच होतं. त्याला मी तेव्हापासून 'दुसरा प्रश्न' म्हणते. पहिला प्रश्न फॉर्म विचारतो, दुसरा डॉक्टरने विचारायचा असतो.

हे आमच्या एका वॉर्डापुरतं नव्हतं. आयसीएमआरने १५ फेब्रुवारी ते २ एप्रिल २०२० या काळात देशभरातल्या रुग्णालयांत श्वसनाच्या गंभीर आजाराने दाखल झालेल्या ५,९११ रुग्णांच्या चाचण्या तपासल्या. १०४ जणांना कोविड निघाला. त्यातल्या ४० जणांच्या बाबतीत ना परदेशप्रवासाची नोंद होती ना बाधित माणसाच्या संपर्काची. २० मार्चला निकष बदलले आणि दाखल झालेल्या अशा गंभीर रुग्णांची चाचणी करायची मुभा मिळाली. पण तोपर्यंत विषाणू विमानतळ सोडून वॉर्डात पोचला होता. एप्रिलमध्ये मुंबईतली काही मोठी खाजगी रुग्णालयं डॉक्टर आणि नर्सनाच लागण झाल्यामुळे बंद ठेवावी लागली, हे तुम्हाला आठवत असेल. बरं करायची जागा हीच लागण वाटायची जागा झाली होती.

आता मी तुम्हाला याच शहरात सव्वाशे वर्षं मागे नेते. सप्टेंबर १८९६, मांडवी. गोदी, धान्याची गोदामं, दाटीच्या चाळी. तिथे गोव्याचे एक डॉक्टर प्रॅक्टिस करत होते, डॉ. अकासियो व्हिएगस. ताप आणि जांघेत गाठ असलेले पेशंट त्यांच्याकडे येऊ लागले. वेगळं निदान करून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी आजूबाजूच्या घरांत जाऊन पाहिलं, असे आणखी किती आहेत, गोदामांत उंदीर मरतायत का, याचा मेळ घातला आणि सांगितलं की ही प्लेग आहे. त्यांच्याकडे ना पीसीआर होता ना प्रयोगशाळा. हातात पेशंट होता आणि डोक्यात दुसरा प्रश्न. जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. पुढे आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून सगळ्यांसमोर ती टोचून घेतली. तेव्हा ते अगदी तरुण होते.

पण त्याच कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या लोकांशी संबंधित आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कुणाच्याही घरात घुसून झडती घ्यायचा, माणूस उचलून नेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. लोक रुग्णालयाला घाबरू लागले. कायद्याच्याही आधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. आज आपण त्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतो. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं आणि दंगल उसळली. त्या विणकरांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यांनी काय पाहिलं होतं? जे नेले जातात ते परत येत नाहीत, आणि नेणारा आपली भाषा बोलत नाही, आपल्या बायकांशी अदबीने वागत नाही. अशा वेळी माणूस आजारी मुलीला माळ्यावर लपवतो. लपवलेल्या मुलीची हिस्ट्री कुठल्याच डॉक्टरला मिळत नाही.

मग हे जमतं कुठे? जमल्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे, केरळच्या कोळिकोडचं. साथ निपाची, विषाणू कोरोनापेक्षा कितीतरी जीवघेणा, सुदैवाने पसरण्याचा वेग कमी.

मे २०१८. पेरांब्राजवळच्या एका मुस्लिम कुटुंबातला तरुण मुलगा तापाने आजारी पडला. आधी तालुका रुग्णालय, मग कोळिकोडचं सरकारी मेडिकल कॉलेज. ५ मे रोजी तो गेला. तापातून मेंदूला सूज आली, असं अनेकांच्या बाबतीत होतं. फाईल बंद झाली. त्याच्या आजारपणात रुग्णालयाच्या आवारात, तपासणीसाठी थांबलेल्या गर्दीत, आसपासच्या लोकांना लागण झाली आहे हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

१७ मे रोजी त्याचा भाऊ तशाच लक्षणांनी एका खाजगी रुग्णालयात आला. तिथल्या अतिदक्षता विभागाचे डॉ. अनुप कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लक्षणांत काहीतरी खटकलं. नाडी आणि रक्तदाब नेहमीच्या मेंदूज्वरासारखे वागत नव्हते. आणि त्यांनी घरच्यांना विचारलं. उत्तर मिळालं की सख्खा भाऊ बारा दिवसांपूर्वी असाच गेला, वडील आणि काकूही आजारी आहेत. एकाच घरात इतके जण म्हटल्यावर त्यांनी वाट पाहिली नाही. नमुने मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राकडे गेले, मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने शिक्कामोर्तब केलं. तीनेक दिवसांत साथीचं नाव कळलं. एरवी अशा साथीचं नाव कळेपर्यंत डझनभर घरं रिकामी होतात.

तरीही किंमत मोजावी लागली. सरकारी नोंदीत १७ मृत्यू आहेत, दोघंच वाचले. बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयांत. पहिल्या तरुणाची तालुका रुग्णालयात शुश्रूषा करणारी नर्स लिनी पुथुसेरी २१ मे रोजी गेली. घरात दोन लहान मुलं होती. तिने काय चूक केली? कुठलीच नाही. तापाच्या पेशंटजवळ जाताना तोंडाला मास्क लावायची सवय त्या दिवशी त्या रुग्णालयात नव्हती, आणि आपल्यापैकी बहुतेक रुग्णालयांत आजही नाही.

दफनाचा प्रश्न आला तेव्हा कोळिकोड महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. गोपकुमार स्वतः कब्रस्तानात उभे राहिले. खोल कबर, बंद आवरणात मय्यत, हाताळणारे मोजके प्रशिक्षित लोक. सुरक्षितता पाळली गेली आणि कुटुंबाला दफनही मिळालं. आणि पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, एर्नाकुलममध्ये निपाचा एक रुग्ण सापडला, तेवीस वर्षांचा विद्यार्थी. तो वेळेत ओळखला गेला, वेगळा ठेवला गेला, तीनशेहून अधिक संपर्क शोधले गेले. तो बरा झाला आणि दुसऱ्या एकालाही लागण झाली नाही. सज्जता कशाला म्हणतात असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देते. एका वर्षात डॉक्टर बदलले नाहीत, इमारती बदलल्या नाहीत. सवयी बदलल्या, आणि लोकांचा आरोग्य खात्यावरचा विश्वास बदलला.

आता आपल्याकडे परत येऊ. एप्रिल २०२०.

निजामुद्दीन मरकजच्या बातमीनंतर काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. रोजच्या आकडेवारीत एका जमातीचा वेगळा उल्लेख होऊ लागला. भाजीवाल्याला नाव विचारलं जाऊ लागलं. त्या गर्दीचं समर्थन मी करणार नाही. साथीत बंद जागेत एकत्र राहणं चूकच, मग ते कुणीही असो. पण ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना म्हटलं की त्यांना बळीचा बकरा केलं गेलं. न्याय मिळाला, पण चार महिने उशिरा. त्या चार महिन्यांत माझ्या ओपीडीत काय झालं ते सांगते.

एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. धाप इतकी की तो वाक्य पुरं करू शकत नव्हता. मी विचारलं, ताप कधीपासून? "कालपासून." पत्ता? त्यांनी दुसऱ्याच उपनगराचा पत्ता सांगितला. घरात आणखी कुणी आजारी? "कुणी नाही." मी पेन खाली ठेवलं. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आपा, मी पोलीस नाही. माझ्या या कागदावरून तुमच्या घरी कुणी अटक करायला येणार नाही. मला फक्त एवढं सांगा, घरात लहान कोण आहे, म्हातारं कोण आहे?" त्या रडायला लागल्या. ताप नऊ दिवसांचा होता. घरात सासूबाई अंथरुणावर होत्या, दोन मुलं खोकत होती. मोहल्ल्यात कुणीतरी सांगितलं होतं की नाव कळलं की सगळ्यांना उचलतात आणि दवाखान्यात इंजेक्शन देऊन मारतात.

आता दोघांशीही बोलते.

डॉक्टरांनो, ही बाई खोटं का बोलली? कारण 'हिस्ट्री' या शब्दाचा अर्थ तिच्यासाठी बदलला होता. तो कबुलीजबाब झाला होता. ज्या दिवशी पेशंटला वाटतं की आपलं उत्तर आपल्याविरुद्ध वापरलं जाईल, त्या दिवशी आपलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगलं उपकरण निकामी होतं. त्यामुळे पेशंटचा धर्म, वस्ती, पेशा यावरून तोंड वाकडं करणारा डॉक्टर उद्धट आहे एवढंच नाही. तो साथीला वाट करून देतो. जागरूकतेची परीक्षा घ्यायची तर हाही प्रश्न तिच्यात असला पाहिजे.

आणि कार्यकर्त्यांनो, इंजेक्शन देऊन मारतात ही अफवा कुणी उठवली? बाहेरच्यांनी नाही. ती आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, आपल्या चहाच्या टपरीवर पिकली. ज्यांना खरं माहीत होतं त्यांतले बरेच जण गप्प बसले. त्या बाईंचा नवरा वाचला. नऊ दिवसांऐवजी चौथ्या दिवशी आला असता तर सासूबाईही कदाचित वाचल्या असत्या. अन्याय झाला हे खरं आहे. पण अन्यायाचं उत्तर आजार लपवणं हे असू शकत नाही, कारण त्याची शिक्षा घरातल्या म्हातारीला होते.

दफनाचंही तसंच. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेचं परिपत्रक निघालं की कोविडने गेलेल्या सगळ्यांचं दहनच करायचं. काही तासांत ते मागे घेतलं गेलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्चच्या सूचना तेव्हा उपलब्ध होत्या आणि त्यांत दफनाला बंदी नव्हती. मे महिन्यात उच्च न्यायालयानेही वांद्र्याच्या कब्रस्तानातल्या दफनाविरुद्धची याचिका फेटाळली. पण ते काही तास पुरेसे होते. पुढचे कित्येक आठवडे मला नातेवाईक विचारत, "मॅडम, मय्यत देणार ना? जाळणार नाही ना?" या भीतीने कितीतरी लोकांनी पेशंटला घरीच ठेवलं. सूचना काय आहेत हे वाचून ठेवणारा एक डॉक्टर, आणि ते मोहल्ल्यात समजावून सांगणारा एक कार्यकर्ता, एवढं असतं तरी फरक पडला असता.

जिथे हे जुळलं तिथे चित्र वेगळं दिसलं. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसं, सार्वजनिक संडास. सगळ्यांनी आशा सोडली होती. महापालिकेने वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. लोक ज्याला रोज 'डॉक्टरसाब' म्हणून हाक मारतात, तोच किट घालून दारात आला. त्याला खरं सांगायला लाज नव्हती, भीती नव्हती. जून-जुलैपर्यंत साथ आटोक्यात आली. भिवंडीत मक्का मशिदीत ऑक्सिजनची सोय झाली, कुठल्याही धर्माच्या माणसासाठी. अशा ठिकाणी माणूस आपणहून बोट पुढे करून ऑक्सिमीटर लावून घेतो.

आता तरुण डॉक्टरांसाठी थोडं. दुसरा प्रश्न पेशंटलाच विचारायचा असतो असं नाही. औषधालाही विचारायचा असतो.

१६ जून २०२० ला ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष आला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नाही. तीन वाक्यं होती. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिली दोन वाचली. २०२१ मध्ये दुसऱ्या दिवशीच्या तापाला, घरी बसलेल्या माणसाला, साखर न तपासता स्टेरॉइड दिलं गेलं. मग काळ्या बुरशीचे, म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले. मधुमेह, बेसुमार स्टेरॉइड आणि कोविड यांच्या बेरजेतून ते आले होते. त्यात डोळा काढावा लागलेली माणसं मी पाहिली आहेत. 'याला ऑक्सिजन लागतोय का? याची साखर किती आहे?' एवढे दोन प्रश्न विचारायला तीस सेकंद लागतात.

प्लाझ्माचंही तेच. आयसीएमआरच्या चाचणीत ३९ रुग्णालयांतले ४६४ रुग्ण होते. प्लाझ्माने मृत्यू कमी होत नाहीत, असा निष्कर्ष २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या काळात किती मुलगे, किती जावई रक्तपेढ्यांबाहेर रात्री उभे राहिले! रेमडेसिविरसाठी लोकांनी दागिने विकले, जेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते देऊ नये असं सुचवलं होतं. चिठ्ठी आपण लिहिली होती. नातेवाइकांचा दबाव असतो हे मला माहीत आहे. माझ्यावरही होता. पण 'याने फायदा होईल असा पुरावा नाही, पैसे घरी ठेवा' हे वाक्य म्हणायला धैर्य लागतं, आणि ते धैर्यही सज्जतेतच मोडतं.

आणि आता खाटा-ऑक्सिजन. नंदुरबार हा आपल्या राज्यातला मागास म्हणून ओळखला जाणारा आदिवासी जिल्हा. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस. पहिली लाट ओसरताना, सगळे सुटकेचा निःश्वास टाकत होते तेव्हा, त्यांनी हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प जिल्ह्यात उभे केले. दुसऱ्या लाटेत मोठी शहरं टँकरची वाट पाहत होती तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. त्यांनीही दुसरा प्रश्नच विचारला होता : लाट परत आली तर? आणि त्याच एप्रिलमध्ये, २१ तारखेला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक माणसं गेली. २३ तारखेला विरारमध्ये अतिदक्षता विभागाला आग लागली. यंत्र आणणं एक, आणि ते रोज कुणीतरी तपासणं, बंद पडलं तर काय करायचं याची रंगीत तालीम घेणं दुसरं.

किटचंही असंच. २०२० मध्ये आमच्यातल्या बहुतेकांनी पीपीई किट कसं घालायचं ते मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलं. पण धोका घालताना कमी असतो, उतरवताना जास्त. थकलेला डॉक्टर बारा तासांनी घाईत किट उतरवतो, हात चेहऱ्याला लागतो. दाढीचाही प्रश्न आला. दाढी असेल तर एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, बाजूने हवा आत जाते. काही मुस्लिम आणि शीख डॉक्टरांनी दाढी काढली, काहींना ते जमणारं नव्हतं. ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी दाढीवर घट्ट रबरी पट्टी बांधून त्यावर मास्क लावायची पद्धत तपासून पाहिली. असे प्रश्न साथ नसताना, शांतपणे, कुणाचा अपमान न करता सोडवायचे असतात. साथ दारात आल्यावर त्यांचं भांडण होतं.

शेवटी तुमच्याकडून काय हवं ते सांगते.

डॉक्टरांनी तापाच्या प्रत्येक पेशंटला, साथ असो वा नसो, तीन गोष्टी विचाराव्यात : काम काय करता, घरात आणखी कोण आजारी आहे, अलीकडे घरात किंवा शेजारी कुणी गेलं का. खोकणाऱ्याला ओपीडीत वेगळं बसवा, त्याला मास्क द्या, आणि खिडक्या उघडा. क्षयरोगाने आपल्याला हे शंभर वर्षांपूर्वी शिकवलं होतं. वर्षातून दोनदा किट उतरवण्याचा आणि ऑक्सिजन बंद पडण्याचा सराव करा. त्या सरावात मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार पहिल्या रांगेत असू देत. एकाच घरातले, एकाच गल्लीतले तीन पेशंट दिसले तर वरच्यांना त्याच दिवशी फोन करा. चूक ठरली तर हसतील, हसू देत. वुहानमधले डॉ. ली वेन्लियांग यांनी सहकाऱ्यांना सावध केलं म्हणून त्यांना पोलिसांनी समज दिली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच आजाराने ते गेले.

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतल्या जवळच्या रुग्णालयात आजच, कुठलीही साथ नसताना, दोन डॉक्टर आणि एक सिस्टर ओळखीच्या करून ठेवाव्यात. मय्यतीच्या सूचना, लसीची माहिती, कुठे चाचणी होते, हे मशिदीच्या फलकावर, मदरशात, बचत गटात आधीच पोचू द्या. अफवा आली की त्याच संध्याकाळी तिला नाव घेऊन उत्तर द्या.

आमच्या मावशी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तिसऱ्या दिवशी तरी विचारलंत." त्यांना मला दिलासा द्यायचा होता. मी ते दिलासा म्हणून घेतलं नाही. पुढच्या वेळी कुणीतरी पहिल्याच दिवशी विचारावं, यासाठी मी आज इथे आले.